प्रवासातील तसबिरी

मुलांनो, ‘तस्वीर’ हा शब्द तुम्ही घरी नेहमी ऐकता. मराठीतही तो आहे. फक्त आपण तो ‘तसबीर’ असा लिहितो. भिंतीवर चौकटीत लावलेल्या चित्राला तसबीर म्हणतात. कॅमेऱ्याने काढलेल्या चित्राला पुस्तकात ‘छायाचित्र’ हा शब्द येतो, पण बोलताना सगळे ‘फोटो’च म्हणतात. मीही या पाठात फोटोच म्हणणार आहे.

आमच्या घरी एक जुना काळा-पांढरा फोटो आहे. पाणचक्कीच्या हौदाच्या काठी चार तरुण उभे आहेत. त्यांतले एक माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील. (मराठीत मोठ्या भावाला दादा म्हणतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.) आणखी दोघांना आम्ही ओळखतो. चौथा माणूस हातात टोपी धरून हसतो आहे. तो कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. फोटोच्या मागे एवढेच लिहिले आहे : ‘पाणचक्की, १९६२’.

२०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जळगावहून औरंगाबादला गेलो. २०२३ पासून त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. बरोबर अब्बा, अम्मी, दादी, खाला आणि आम्ही तीन भावंडे. वाटेत अजिंठा लागतो. तेथे लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी आहे, कारण प्रखर उजेडाने भिंतींवरील जुने रंग खराब होतात. माझ्या धाकट्या भावाने विचारले, “मग अंधारात फोटो कसा येणार?” अब्बा म्हणाले, “नाही आला तर डोळ्यांनी बघ.” तुम्ही जाल तेव्हा वार लक्षात ठेवा. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी.

बीबी का मकबरा पाहिल्याबरोबर आम्ही सगळे पायऱ्यांजवळ धावलो आणि रांगेत उभे राहिलो. अम्मीने दुरून फोटो काढला. मकबरा छान आला, पण आम्ही मुंग्यांएवढे दिसलो! दुसऱ्यांदा तिने आम्हांला आपल्या जवळ बोलावले. आम्ही तिच्यापासून पाच-सहा पावलांवर आणि मकबरा दूर मागे. आता चेहरेही दिसले आणि घुमटही. ही युक्ती तुम्ही कोठेही वापरू शकता.

पण सगळ्या इमारतीचा एकच फोटो काढून निघू नका. जवळ जा. मकबऱ्याच्या भिंतीवर काही उंचीपर्यंतच संगमरवर आहे. त्याच्या वर दगडी बांधकामाला चुन्याचा पांढरा गिलावा दिला आहे, आणि घुमट पुन्हा संगमरवरी आहे. दुरून सगळे सारखेच पांढरे दिसते. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय या दोन कारागिरांची नावे आहेत. बेगमेचे नाव सर्वांना माहीत असते. बांधणाऱ्यांची नावे मात्र थांबून पाहणाऱ्यालाच कळतात.

दौलताबादच्या किल्ल्यात दादीला वर चढणे शक्य नव्हते. ती चांद मिनाराजवळ सावलीत बसली. “तुम्ही जा. वरचे सगळे मला आणून दाखवा,” असे ती म्हणाली. त्या दिवशी फोटो काढण्याचा अर्थच बदलला. चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिचे मागचे टोक मेंढ्याच्या डोक्यासारखे आहे. आम्ही त्या डोक्याचा फोटो काढला. तोफेवर फारसी अक्षरे आहेत. दादीला ती वाचायला आवडतील म्हणून त्यांचाही जवळून काढला. अंधारीत, म्हणजे त्या काळोख्या बोगद्यात, काहीच आले नाही. तेव्हा बहिणीने तेथला गारवा आणि वटवाघळांचा वास खाली येऊन तोंडानेच सांगितला. दादी अर्धा तास एकेक फोटो पाहत होती. “पुढे काय आहे? मग काय आहे?” असे विचारत होती.

संध्याकाळी पाणचक्कीवर गेलो. पूर्वी तेथे दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणत आणि त्याच्या जोरावर जाते फिरवत. दादी म्हणाली, “तुमच्या दादांनी येथेच फोटो काढला होता.” लगेच अब्बा त्याच जागी उभे राहिले. दादी त्यांच्या शेजारी उभी राहिली. घरी गेल्यावर जुना फोटो काढून तिला त्या चौथ्या माणसाचे नाव विचारायचे, असे ठरले.

घरी आल्यावर फोटो नातेवाइकांना पाठवण्याची घाई झाली. मी सगळे एकदमच पाठवून दिले. त्यांत खालाचेही होते. तिने मला जवळ बोलावून हळूच सांगितले, “बेटा, फोटो तुम्हांला काढू दिला. लोकांना पाठवायला मी कधी सांगितले?” ती रागावली नाही, पण मला वाईट वाटले. फोटो काढू देणे आणि तो दुसऱ्यांना दाखवू देणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. तेव्हापासून मी दोन्ही वेळा विचारतो.

पाठवण्याचा एक फायदाही झाला. पुढच्याच वर्षी अब्बांचा फोन पाण्याच्या टाकीत पडला आणि त्यातले सर्व गेले. नागपूरच्या फुफीकडे तेवढे फोटो राहिले होते. एकाच ठिकाणी ठेवलेले चित्र कसे नष्ट होते, याचे मोठे उदाहरण अजिंठ्याचेच आहे. रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने तेथे अनेक वर्षे राहून चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ साली तेथे आग लागली आणि बहुतेक सर्व जळाल्या.

फुफीने पाठवलेले फोटो पाहताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. अम्मी एकाही फोटोत नव्हती, कारण सगळे तिनेच काढले होते. आणि दादीला ते नाव विचारायचे राहूनच गेले होते. आज विचारू, उद्या विचारू, असे करता करता २०१९ साल आले. त्या वर्षी दादी गेली.

अब्बा आणि दादीचा पाणचक्कीचा फोटो आम्ही कागदावर छापून घेतला. मागे मी पेन्सिलीने नावे, तारीख आणि ‘फोटो काढणारी : अम्मी’ असे लिहिले. (बॉलपेनने लिहू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.) १९६२ च्या फोटोमागेही तीन नावे लिहिली आणि चौथी ओळ मोकळी ठेवली. फुफी म्हणते, दादांचे एक जुने सोबती अजून भुसावळला राहतात. येत्या रविवारी अब्बा आणि मी तो फोटो घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत. पेन्सिलही बरोबर घेणार आहोत.

स्वाध्याय

१. मकबऱ्यात संगमरवर कोठे कोठे आहे?
२. खालाला काय आवडले नाही? तुम्ही तिच्या जागी असता तर काय म्हटले असते?
३. घरातील एक जुना फोटो घ्या. त्यातील माणसांची नावे मोठ्यांना विचारा आणि त्या प्रवासाविषयी आठ ओळी लिहा.