थायरॉईडची छोटी गाठ: सही करण्याआधी

सुईच्या तपासणीत पॅपिलरी कॅन्सर निघाला, म्हणून त्याच दिवशी ऑपरेशनची तारीख घेऊ नका. आधी सोनोग्राफीतले माप पाहा. गाठ एक सेंटिमीटरपर्यंत असेल, श्वासनलिका आणि आवाजाच्या नसेपासून दूर असेल, मानेत पसरलेली नसेल, तर ऑपरेशन न करता देखरेख हाही मान्य पर्याय आहे. जपानमधील कोबेच्या कुमा रुग्णालयात तो १९९३ पासून दिला जातो. तिथल्या १,२३५ रुग्णांत दहा वर्षांत गाठ तीन मिलिमीटर किंवा जास्त वाढली ती सुमारे ८ टक्के जणांची. तरुणांत वाढ अधिक दिसली.

खर्च : पहिली एक-दोन वर्षे दर सहा महिन्यांनी मानेची सोनोग्राफी, पुढे वर्षातून एकदा. राज्य आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात मानेची सोनोग्राफी कोणत्या वारी होते, ते विचारूनच निघा. खासगीत दर आधी विचारा. फिल्मचे वेगळे पैसे आहेत का, तेही. दर वेळी शक्यतो एकच केंद्र. नुसत्या टीएसएच या रक्ततपासणीवर भागवू नका, त्यातून गाठीची वाढ कळत नाही.

फुकटाचा हिशेब : महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भरती होऊन केलेले ऑपरेशन कॅशलेस होते. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटा, चौकशी १५५३८८. ओपीडीतली सोनोग्राफी मात्र योजनेत बसत नाही. म्हणून ऑपरेशन स्वस्त वाटते. पण पूर्ण ग्रंथी काढली तर थायरॉईडची गोळी जन्मभर, टीएसएचची तपासणी वरचेवर, काहींना कॅल्शियमही. आवाज बदलण्याचा धोका वेगळा. ऑपरेशन फुकट आहे, हे ते करण्याचे कारण नव्हे.

संमती : समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले, की तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही, आणि पर्याय व धोके डॉक्टरांनी समजावलेच पाहिजेत. संमतीपत्र मराठीत मागा. कोऱ्या जागा असतील तर सही करू नका. अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण, ते लिहून घ्या. देखरेखीलाही संमती लागते: किती वाढ झाली तर ऑपरेशन, तपासणी चुकली तर कोण कळवणार, हे विचारा. निर्णय तुम्ही केव्हाही बदलू शकता. देखरेख संशोधनाचा भाग असेल, तर नैतिकता समितीची (एथिक्स कमिटी) मंजुरी आणि माहितीपत्रक पाहा. संशोधनासाठीच्या तपासण्यांचे पैसे देऊ नका.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल, तर कागदपत्रांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. देखरेख निवडलीत, तर सोनोग्राफीची पुढची तारीख घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. ती चुकवू नका.