विरजणाची पेटी वेगळी, थंडाव्याची वेगळी

वणीकडच्या राजूरच्या बाजूला कुणी दही-मठ्ठ्याचं दुकान टाकत असेल, तर त्याने फ्रीज घ्यायच्या आधी मला भेटावं असं फार वाटतं. एकदा पैसे मोजले की सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा, दोघांचाही इलाज चालत नाही.

आमच्याकडे काचेच्या दाराचा उभा कूलर आला तो विकणाऱ्याच्या शब्दावर. लिटर भरपूर, गिऱ्हाइकाला माल बाहेरूनच दिसतो. पावसाळा, हिवाळा त्याने चोख काढला. मग नवतपा लागला. टिनाखाली दुपारी उभं राहवेना. कॉम्प्रेसर सकाळपासून रात्रीपर्यंत थांबलाच नाही, आणि गंजातलं दही संध्याकाळपर्यंत इतकं आंबलं की वर पाणी तरंगू लागलं. मिस्त्रीने सगळं तपासलं. यंत्रात काही बिघाड नव्हता. ते आपल्या हवेसाठी बनलेलं नव्हतं.

घरगुती फ्रीजच्या मागे किंवा आत एक पाटी चिकटवलेली असते. तिच्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एन म्हणजे भोवतालची हवा ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८, टी म्हणजे ४३. दुकानाच्या यंत्रांवर खुणा वेगळ्या असतात, पण बाहेर किती अंश असेपर्यंत आतला थंडावा टिकतो, हा प्रश्न तोच. तो विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वणी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे टी वर्गाचं यंत्रसुद्धा आपल्याकडे काठावरच उभं असतं. म्हणून यंत्राइतकाच खोलीवर खर्च करा. टिनावर चुन्याचा जाड हात मारा, खाली छत बांधा, यंत्र पश्चिमेच्या भिंतीला लावू नका.

चुना आपल्या गावचाच आहे, आणि त्रासही त्याच्याच धुळीचा. भट्ट्यांची पांढरी भुकटी आणि कोळशाची काळी, दोन्ही फ्रीजमागच्या जाळीवर बसतात. जाळी भरली की आतली उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. उन्हाळ्यात दर आठवड्याला, प्लग काढून, मऊ ब्रशने ती झाडा. काही आडव्या फ्रीझरची नळी पत्र्याच्या आत असते, तिथे जाळी भरण्याचा प्रश्न नाही. पण त्याचं अंगच तापतं, म्हणून त्याला भिंतीला टेकवायचं नाही आणि अंगावर पोती टाकायची नाहीत.

आता मुख्य गोष्ट. दही लावणं आणि दही थंड ठेवणं ही एकाच पेटीची कामं नाहीत. घरच्या विरजणाला तीस ते पस्तीस-सदतीस अंशांची ऊब मानवते. लागलेल्या दह्याला पाच अंशांच्या आत जायचं असतं, आणि तेही लवकर. वीस लिटरचा कोमट गंज तयार मालाशेजारी ठेवला तर काय होतं, याचा हिशोब करा. चाळीस अंशांवरून पाचावर यायला त्या गंजातून पाऊण युनिटभर उष्णता बाहेर काढावी लागते. छोट्या यंत्राला त्यात कित्येक तास जातात आणि तोवर शेजारचं ताकही आंबट होत राहतं. आधी गंज बर्फाच्या पाण्यात टेकवून निववा, मगच आत ठेवा.

ही विभागणी बाहेरदेशी घरी बीअर करणारे लोक फार मन लावून करतात. त्यांच्या एका जातीच्या बिअरला अठरा-वीस अंश लागतात, दुसरीला दहा-बारा, आणि पिण्याआधी ती आणखी थंड करायची असते. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बीअर करणं गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका. त्यांची युक्ती मात्र दह्यासाठी बिनदिक्कत घ्यावी. ते आडवा फ्रीझर घेतात आणि प्लगच्या मध्ये बाहेरचा थर्मोस्टॅट बसवतात. झाकण वरून उघडत असल्यामुळे जड थंड हवा आतच राहते. उभ्या दारातून ती दर गिऱ्हाइकाला खाली वाहून जाते. थर्मोस्टॅट चारवर लावा, त्याची वायर पाण्याच्या बाटलीत सोडा, आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी पाच मिनिटांचा थांबा ठेवा. नुसता फ्रीझर लावाल तर दही गोठेल, आणि सुटल्यावर पाणी व चोथा वेगळा होईल. तळाशी ओल साचते, ती रोज पुसा.

विरजणासाठी नवं यंत्र नकोच. भंगारात निघालेला फ्रीज, दाराचं रबर शाबूत असलेला, पुरतो. पूस-माघात आत साधा चाळीस वॅटचा बल्ब, तो वेगळ्या थर्मोस्टॅटला जोडलेला. मे महिन्यात उलटं करायचं: गंज पसरट घमेल्यात, भोवती पाणी, अंगावर ओलं गोणपाट. आपली हवा कोरडी असल्यामुळे गंज खोलीपेक्षा बराच थंड राहतो, एक पैशाची वीज न जाळता.

लाईन हा वेगळा विषय आहे. संध्याकाळी गावभर कूलर लागले की दाब पडतो, आणि कमी दाबात कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो व तापतो. थांब्याची सोय असलेला स्टॅबिलायझर यंत्राबरोबरच घ्या, पुढच्या महिन्यात नको.

जुना माल घेत असाल तर पाटीवर गॅसचं नाव वाचा. आर-६००ए लिहिलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे. त्यात दुसरा गॅस भरून देतो म्हणणाऱ्या कारागिराला नाही म्हणा, आणि वेल्डिंगला हात घालण्याआधी त्याने गॅस मोकळ्या हवेत काढला की नाही, ते शेजारी उभं राहून बघा.