रुपयाच्या जागी रिकामी चौकट

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या लघुउद्योजकाने सुट्या भागांचे दर संकेतस्थळावर दिले आणि ग्राहकाला आकड्याआधी रुपयाच्या चिन्हाऐवजी चौकट दिसली, तर व्यवहाराचे चलन कोणते, असा प्रश्न त्याला पडणारच.

डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. थोड्याच दिवसांत मंगळूरच्या फोरॅडियन टेक्नॉलॉजीज या कंपनीने एक फाँट उपलब्ध केला. टॅबच्या वरच्या कळीवरील तिरक्या रेघेच्या जागी त्यात रुपया बसवला होता. सोय कल्पक खरी, पण तो फाँट नसलेल्या संगणकावर मूळची रेघच उमटे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत चिन्हाला यू+२०बी९ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला.

म्हणून लक्षणावरून निदान करावे. तिरकी रेघ दिसल्यास जुना मजकूर नव्याने टंकावा. विचित्र अक्षरांचा पुंजका दिसल्यास पानाची यूटीएफ-८ ही सांकेतिक पद्धत घोषित आहे का, ते पाहावे. चौकट दिसल्यास क्रमांक बहुधा बरोबर असतो, आकृती नसते. संकेतस्थळाबरोबर येणारा वेबफाँट हलका करण्यासाठी त्यातील अक्षरे छाटतात. छाटलेले चिन्ह ब्राउझर उपकरणातील इतर फाँटमध्ये शोधतो. त्यामुळे संकेतस्थळ तयार करणाऱ्याच्या नव्या संगणकावर सारे सुरळीत दिसते आणि दोष उघडा पडतो तो ग्राहकाच्या जुन्या संगणकावर! तपासणी तेथेच करावी, चिन्ह वेबफाँटमध्ये समाविष्ट करून घ्यावे आणि तोवर दरपत्रकात ‘रु.’ असे लिहावे.