बुरशीवर बुरशीचा उतारा

चांगल्या उसाचे कांडे उभे चिरले, म्हणजे आतील गर पांढरट व रसाळ दिसतो. परंतु कधी कधी बाहेरून धडधाकट दिसणारे कांडे आतून लाल निघते. त्या लाल गरात मधूनमधून आडवे पांढरे डाग असतात आणि आंबूस, दारूसारखा वास सुटतो. मुलांनो, हा ‘लाल कूज’ नावाचा रोग होय. यात रसातील साखर बिघडते व ऊस उभ्याउभ्या वाळतो. शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत वाया जाते.

हा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो. १८९३ साली जावा बेटात वेंट या डच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. आपल्या देशात १९३८-३९ च्या सुमारास संयुक्त प्रांताच्या पूर्व भागात व बिहारात तिने हाहाकार उडविला. तेथे जिकडेतिकडे ‘को. २१३’ या एकाच जातीचा ऊस होता. एकाला रोग जडला, तो सर्वांना जडला! शिवाय ऊस कांड्यांपासूनच लावतात. त्यामुळे रोगट बेण्याबरोबर रोगही नव्या शेतात जातो.

औषधाचे पाणी उसाच्या कठीण सालीतून आत सहसा पोहोचत नाही. मग काट्याने काटा काढावा, असे शास्त्रज्ञांनी मनात आणले. मातीत ‘ट्रायकोडर्मा’ नावाची एक बुरशी असते. ती प्रथम पांढरी दिसते, मग हिरवी होते. १९३२ साली अमेरिकेत वाइंडलिंग या शास्त्रज्ञास एक मौज दिसली. ट्रायकोडर्माचे तंतू दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेलीप्रमाणे विळखा घालीत आणि त्यांतील अन्न शोषून घेत! शत्रूच्या तंतूंची भिंत विरघळविणारे पाचक रसही ती सोडते, हे पुढे कळले.

म्हणून ही बुरशी मुद्दाम वाढवून ओलसर शेणखतात मिसळतात व ते खत सरीत घालतात. बेणेही तिच्या पाण्यात बुडवून लावतात. मात्र काही बुरशीनाशक औषधांनी ती स्वतःच मरते, हे विसरून चालत नाही. आणि मातीतला हा पहारेकरी आधीच रोगट झालेल्या कांड्यास बरे करू शकत नाही. यास्तव बेणे निरोगी हवे व ऊस रोगाला दाद न देणाऱ्या जातीचा हवा. तीही जात कायम टिकेल असे नाही. कारण ही बुरशी आपले रूप पालटते. २००९ साली प्रसारित झालेला ‘को. ०२३८’ हा नामांकित ऊस पुढे उत्तर प्रदेशात याच रोगास बळी पडला. शेतात लागण झालेले बेट दिसले, की ते मुळासकट उपटून जाळावेच लागते.