उष्णतेची मळमळ: घरी काय करावे, दवाखाना कधी गाठावा

उन्हाळा लागला की नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये आम्हाला घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "ताई, अंगात उष्णता झाली, सारखं मळमळतंय." चिनी वैद्यकही असंच मानतं. खाल्लेलं खाली जायला हवं, पण पोटात उष्णता साठली की ते वर उसळतं. मग आंबट ओकारी येते, तोंडाला वास येतो, गार पाणी प्यावंसं वाटतं. आपण याला पित्त चढलं म्हणतो. उपायही जवळचाच. तिकडे उन्हाळ्यात मूग उकळून त्याचं पाणी पितात, आपल्याकडे मुगाचं कढण आहे.

पण उष्णता हे नाव फार सैल आहे. पहाटे उपाशीपोटी मिसरी, त्यावर कडक चहा, मग दुपारपर्यंत पोटात काही नाही, अशाने मळमळणारच. बांधकामावर, वीटभट्टीवर बाया पाणीच कमी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. ही मळमळ पित्ताची नसून शरीरातलं पाणी आटल्याची असते. तिथे शौचालय मागणं हाही इलाजच आहे.

अशा वेळी सावलीत बसा आणि घोट घोट पाणी प्या. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. जास्त मीठ घातक आहे. शुगर किंवा बीपी असेल तर आशाताईंना विचारून घ्या. पातळ ताक, पेज, कढण चालतं. तिखट, तळलेलं आणि मिसरी बंद.

मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटं वर, आतल्या बाजूला दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात. त्यांच्या मधोमध अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा. ऑपरेशननंतरच्या मळमळीत याचा उपयोग होतो असं अभ्यासात दिसलं आहे. ही विद्या आपल्याला परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे सुयांचा उपचार शिकून आले.

विनयपिटकातही शरद ऋतूत भिक्खूंच्या पोटात पेजसुद्धा टिकेना, तेव्हा तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ औषध म्हणून घेण्याची परवानगी दिली. भानामती म्हणून कुणी अंगारा घेऊन आला तर त्याला हे जरूर सांगा.

आता घरी थांबायचं नाही ते ऐका. अंग तापलंय आणि माणूस बरळतोय, तर उष्माघात आहे. कपडे सैल करा, अंगावर पाणी टाका, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मळमळीबरोबर छाती दाबल्यासारखी, घाम, जबडा किंवा हात दुखणं असेल तर गॅस समजून सोडा पीत बसू नका, ते हृदयाचं असू शकतं. डोळे पिवळे, ओकारीत रक्त, किंवा दिवसभर लघवीच नाही, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. नांदेडकरांना विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय आहे, लातूरकरांना विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था. आणि पाळी चुकलेल्या सुनेला उष्णतेच्या गोळ्या आणून देण्याआधी तिची लघवीची तपासणी करून घ्या.