घरगुती रौप्यजल : पाण्याची शुद्धता व विद्युत्‌वाहकता

घरी तयार केलेले ‘कोलायडल सिल्व्हर’ बाटलीत भरून रुग्ण दाखवावयास आणतात, तेव्हा आपल्यापैकी काही वैद्य त्यास रजतभस्माचेच सौम्य रूप समजतात. हा समज प्रथम दूर व्हावा. भस्मास शोधन-मारणाचे संस्कार आहेत, निश्चंद्र, वारितर, अपुनर्भव अशा परीक्षा आहेत. या द्रवाची परीक्षा करावयास घरात बहुधा एक मीटर तेवढा असतो, आणि तोही अर्धेच सांगतो.

कृती अशी : चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडून नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात. धनाग्राची चांदी आयनरूपाने पाण्यात उतरते. ऊर्ध्वपातित पाण्याची वाहकता अत्यल्प असल्याने आरंभी प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. मग अधीर होऊन चिमूटभर मीठ टाकले जाते. येथेच घात होतो. मिठातील क्लोराइडशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बनतो व प्रकाशात काळवंडतो. नळाच्या पाण्यात क्लोराइड मुळातच असते, बोअरच्या पाण्यात बहुधा अधिक. आर.ओ. यंत्र क्षार कमी करते, निःशेष करीत नाही.

टी.डी.एस. मीटर वस्तुतः वाहकता मोजून तिला ठराविक गुणकाने गुणतो. पाणी निवडण्यापुरता तो उपयुक्त आहे. परंतु नंतरचा आकडा म्हणजे चांदीचे प्रमाण नव्हे. तो गुणक चांदीसाठी बसविलेला नसतो, आणि धातूचे कण, सेंद्रिय मल व जंतू मीटरला दिसत नाहीत. आमच्या एका रुग्णाने मोटारीच्या बॅटरीत घालावयाचे पाणी वापरले होते. मीटर जवळजवळ शून्य दाखवी, म्हणून ते पिण्यास उत्तम, असा त्याचा तर्क!

प्रमाणाचे गणित फॅरडेच्या नियमाने करता येते. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिल्यास सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. पाव लिटर पाण्यात ती सर्व राहिली, तर लिटरला १६ मिलिग्रॅम. काही भाग ऋणाग्रावर बसतो हे खरे, तथापि आय.एस. १०५०० या भारतीय पेयजल मानकातील मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे.

अमेरिकेतील मोंटाना राज्यात २००२ साली सिनेटच्या निवडणुकीस उभा राहिलेला एक उमेदवार असे घरगुती द्रव पिऊन निळसर-करडा झाला होता. त्वचेतील ही छटा सहसा जात नाही. रुग्णाच्या नखांचे मूळ व हिरड्या दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. तो थायरॉक्सिन घेत असल्यास त्याच्या शोषणास चांदीने बाधा येऊ शकते, हेही त्यास त्याच भेटीत सांगावे.