नवा हेडफोन, मग आवाज असा का?



हौसेने नवा हेडफोन आणावा, संगणकाला जोडावा आणि आवाज डब्यातून आल्यासारखा यावा, ही तक्रार आपल्या वर्गात वरचेवर ऐकू येते. हेडफोन दुकानात परत करण्याआधी या वेळचा पाठ जरूर वाचा. बऱ्याचदा दोष हेडफोनचा नसतोच.

हा विषय मराठीच्या वर्गात कशाला, असे कोणी विचारील. आपण परदेशात राहतो. रस्त्यावर, बसमध्ये, शाळेत मराठी कानावर पडत नाही. आठवड्याचा एक वर्ग, आजी-आजोबांशी गप्पा आणि संगणकावर ऐकलेल्या गोष्टी, एवढीच आपली शिदोरी. तीही अर्धवट ऐकू आली, तर उच्चार तरी कुठून येणार?

१. आवाजाची वाट

नळाला पाणी कमी आले की आपण टाकी, पाइप आणि नळ क्रमाने तपासतो. आवाजाचेही तसेच. मूळ ध्वनिमुद्रण, संगणकातील प्रोग्रॅम, आवाजाची सेटिंग्ज, वायर किंवा ब्लूटूथ, हेडफोन आणि शेवटी आपला कान, अशी त्याची वाट आहे.

आधी दोन सोप्या परीक्षा घेऊ. नवा हेडफोन दुसऱ्या फोनला किंवा संगणकाला लावून तेच गाणे ऐका. तिथे आवाज चांगला आला, तर दोष पहिल्या संगणकाकडे किंवा जोडणीकडे आहे. मग जुना हेडफोन पहिल्या संगणकाला लावा. तोही वाईट वाजला, तर शंका पक्की झाली. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

२. वायरचा हेडफोन

गाण्यातली वाद्ये ऐकू येतात, पण गायकच गायब! असे झाले तर पिन पूर्ण आत गेली आहे का ते पाहा. पिन अर्धवट बसली की दोन्ही कानांची सामाईक जोडणी सुटू शकते. मग डाव्या आणि उजव्या बाजूला जे सारखे असते, ते एकमेकांना खोडून काढते. गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, म्हणून तोच नाहीसा होतो.

पिनेवरच्या काळ्या रेघाही मोजा. दोन रेघा म्हणजे फक्त ऐकण्याचा हेडफोन. तीन रेघा म्हणजे मायक्रोफोनसह. टेबलावरच्या संगणकाला हेडफोनचे हिरवे आणि मायक्रोफोनचे गुलाबी अशी दोन वेगळी भोके असतील, तर तीन रेघांच्या पिनेसाठी दोन शेपट्यांचा जोड वापरावा.

३. ब्लूटूथ आणि आपला ‘स’

गाणे सुरेख वाजते, पण वर्ग सुरू झाला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. याचे कारण मजेशीर आहे. ब्लूटूथ हेडफोन संगीताच्या वेळी आवाज एकाच दिशेने आणतो, म्हणून तो भरपूर आणि दोन कानांत वेगवेगळा येतो. मायक्रोफोन सुरू झाला की त्याच वाटेने आवाज जायचाही असतो. मग हेडफोन ‘हँड्स-फ्री’ पद्धतीवर जातो आणि आवाज एकेरी होतो. या पद्धतीच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात, सुधारलेल्या प्रकारात १६,०००. सीडीवर ते ४४,१०० असतात.

नमुन्यांच्या निम्म्याच वारंवारतेपर्यंतचा आवाज पोहोचतो. म्हणजे जुन्या प्रकारात ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे कापले जाते. ‘स’चा बराचसा जोर नेमका त्याच्या वर असतो. ‘श’ त्यामानाने खालचा. म्हणून ‘साल’ आणि ‘शाल’ यांत गोंधळ होतो. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चित्र’मधला ‘च’ वेगळा आणि ‘चूल’मधला वेगळा. ‘हे जग मोठे आहे’ यातला ‘ज’ वेगळा आणि ‘जगा आणि जगू द्या’ यातला वेगळा. या जोड्यांतला फरकही बराचसा वरच्या वारंवारतेत असतो. तेव्हा पालकहो, मूल चुकीचा उच्चार करते म्हणून रागावण्याआधी त्याला काय ऐकू येते ते एकदा त्याचा हेडफोन लावून ऐका.

उपाय सोपा आहे. ऐकण्यासाठी ब्लूटूथ हेडफोन ठेवा, पण सेटिंग्जमध्ये ‘इनपुट’ म्हणून संगणकाचाच मायक्रोफोन निवडा. किंवा वर्गापुरता वायरचा हेडफोन वापरा. काही अगदी नव्या संगणक-हेडफोन जोड्यांत ही अडचण येत नाही.

४. सेटिंग्ज

‘आउटपुट’ला नवा हेडफोनच निवडला आहे ना? डावी-उजवी बाजू समान आहे ना? ‘मोनो ऑडिओ’ चुकून चालू नाही ना? आवाज ‘सुधारणाऱ्या’ सोयी बंद करून पाहा. विंडोजमध्ये बोलणे सुरू होताच बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचीही सोय असते. वर्गात गाणे एकदम बारीक झाले, तर तिथे पाहा.

५. कान आणि मूळ ध्वनिमुद्रण

कानात घालायच्या हेडफोनची रबरी टोपी सैल असेल, तर तबल्याच्या बायाँचा घुमारा निसटून जातो. सोबतच्या लहान-मोठ्या टोप्या घालून पाहा. कानावर बसणाऱ्या हेडफोनखाली केस किंवा चष्म्याची काडी आली तरी तेच होते.

बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ऐकताना मात्र हेडफोनला दोष देऊ नका. ते ध्वनिमुद्रण मुळातच एकेरी आणि खरखरीचे आहे. चांगला हेडफोन ती खरखर उलट जास्त स्पष्ट ऐकवतो.

आवाज कमी वाटतो म्हणून तो वाढवत मात्र जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. बिघडलेला हेडफोन बदलता येतो, कान बदलता येत नाहीत.

शब्दार्थ

वारंवारता – एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. ती हर्ट्झमध्ये मोजतात.
घुमारा – खोल, घुमणारा नाद.
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे. इथे, जवळचा साठा.

स्वाध्याय

१. आई किंवा बाबांनी पडद्याकडे पाठ करून ‘साल, शाल, चूल, चित्र’ हे शब्द उलटसुलट क्रमाने मुद्रित करावेत. मुलांनी ते आधी ब्लूटूथचा मायक्रोफोन चालू ठेवून आणि मग बंद करून ऐकावेत. किती शब्द बरोबर ओळखले ते वहीत लिहा.
२. दोन ‘ज’चे प्रत्येकी तीन शब्द शोधा. अडले तर आजीला फोन करा. मात्र आधी हेडफोन तपासा!

वह्या पुढच्या वर्गाला घेऊन या.